सह्याद्री हा डोंगर नव्हेच

रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणारी एसटी साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढायला लागते. वळणामागून वळण, कानात दडे, खाली दरीत धुकं, कठड्यावर माकडं. घाट संपतो, आंबा गाव येतं. आता गाडी पलीकडे उतरायला लागेल असं वाटतं, पण तसं काही होत नाही. मलकापूर येतं, बांबवडे येतं, रस्ता थोडा खाली-वर करत पुढे जात राहतो आणि कोल्हापूर येतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. म्हणजे आपण जे चढलो त्यातलं बरंचसं उतरलोच नाही. कॉलेजची चार वर्षं मी हा प्रवास केला. शेजारच्या सीटवर कुणी पहिल्यांदा घाट चढणारं असलं, की हा प्रश्न हमखास यायचा: "मग उतार कुठेय?"

आपल्या भाषेला याचं उत्तर आधीपासून माहीत आहे. कोकणातली माणसं देशावरच्यांना 'घाटावरचे' म्हणतात. डोंगरापलीकडचे असं म्हणत नाहीत, वरचे म्हणतात. कारण कोकणातून जी उंच रांग दिसते ती एका पठाराची कड आहे. खालून पाहिलं तर डोंगर, वरून पाहिलं तर कठडा. आणि कड म्हटली की पुढचा प्रश्न येतोच: जी जमीन इथे तुटली, तिचा उरलेला तुकडा कुठे गेला?

तो तुकडा सापडला आहे. त्याचा शोध कसा लागला आणि त्या तुटण्याने आपल्या वाट्याला काय आलं, त्याची ही गोष्ट.

खडकात अडकलेली सुई

जानेवारी १९१२मध्ये आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने फ्रँकफुर्टमध्ये एक भाषण दिलं. खंडं जागेवर बसलेली नाहीत, ती सरकतात, असं त्याचं म्हणणं. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे एकमेकांत बसतात, समुद्राच्या दोन्ही बाजूंना तेच जीवाश्म आणि तेच खडक सापडतात, हे त्याचे पुरावे. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका हे सगळे एकेकाळी दक्षिणेत एकत्र होते, अशी ही मांडणी. त्या जुन्या महाखंडाचं नाव आपल्याच मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून आलेलं आहे: गोंडवन. हे नाव एडुआर्ड स्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकाने १८८५मध्येच रूढ केलं होतं. पण स्यूसच्या मते खंडं जागेवरच होती, मधली जमीन तेवढी बुडाली होती.

वेगेनरला बहुतेकांनी वेड्यात काढलं. एवढं मोठं खंड ढकलणार कोण, या प्रश्नाचं पटेल असं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. १९३०मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात त्याचा मृत्यू झाला, तेव्हा त्याचा सिद्धांत जवळपास मोडीत निघालेला होता.

त्याला परत उभं करण्यात आपल्या काळ्या दगडाचा हात आहे. सह्याद्री ज्या बेसाल्टचा बनला आहे तो थंड झालेला लाव्हा. लाव्ह्यात लोहाची बारीक खनिजं असतात. लाव्हा थंड होताना या खनिजांची चुंबकता पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेला वळते आणि दगड पुरेसा थंड झाला की तशीच अडकून राहते. होकायंत्राची सुई आपण फक्त आडवी फिरताना पाहतो, पण तिला मोकळं टांगलं तर ती खाली-वरही कलते. विषुववृत्तावर ती आडवी राहते, ध्रुवांकडे जावं तशी उभी होत जाते. म्हणून दगडात अडकलेल्या सुईचा कल मोजला, तर तो दगड कुठल्या अक्षांशावर थंड झाला ते कळतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाच्या गटाने अशी फार क्षीण चुंबकता मोजणारी उपकरणं वापरात आणली. त्याच गटातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६मध्ये भारतातल्या खडकांवरचं काम प्रसिद्ध केलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे हेही डॉइचसोबत दख्खनच्या बेसाल्टवर काम करत होते. निष्कर्ष एकाच दिशेचे होते. दख्खनचा लाव्हा थंड झाला तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण ३० अंशांवर होती. रत्नागिरी आज उत्तरेला १७ अंशांवर आहे. म्हणजे ज्या दगडाला आपण अचल समजतो, त्याने पाच हजार किलोमीटरचा प्रवास केलेला आहे.

ढकलतं कोण, याचं उत्तर समुद्रतळातून आलं आणि तेही आपल्याच समुद्रातून. अरबी समुद्र आणि हिंदी महासागर यांच्या तळाशी कार्ल्सबर्ग रिज नावाची पाण्याखालची लांबलचक पर्वतरांग आहे. तिथे तळ फाटतो, खालून वितळलेला खडक वर येतो, थंड होतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मधूनमधून उलटं होतं, त्यामुळे या नव्या तळावर सरळ-उलट चुंबकतेचे पट्टे उमटतात. १९६३मध्ये फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी या पट्ट्यांचा अर्थ लावला, त्यासाठी वापरलेली मोजमापं कार्ल्सबर्ग रिजवरची होती. पुढच्या चार-पाच वर्षांत चित्र पूर्ण झालं. पृथ्वीचं कवच काही मोठ्या तुकड्यांत, म्हणजे भूपट्टांत, विभागलेलं आहे. इंग्रजी वळणाने आपण त्यांना प्लेट म्हणतो. खंडं या प्लेटांवर बसून फिरतात.

पश्चिमेला जमीन होती तेव्हा

आता तुटलेल्या तुकड्याकडे. साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आपल्यापासून सुटलं. तरीही आपल्या पश्चिम किनाऱ्याला अजून एक तुकडा चिकटलेला होता. मग ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा आला. तो ज्वालामुखीच्या एका शंकूतून आला नाही. जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून तो थरावर थर पसरत गेला. आज जे उरलंय तेच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे, मूळचं याहून खूप जास्त असणार. घाटातल्या कुठल्याही कड्याकडे पाहा, आडव्या पट्ट्या दिसतात. प्रत्येक पट्टी म्हणजे लाव्ह्याचा एक लोट किंवा अनेक लोटांचा गठ्ठा. या पायऱ्यांमुळेच भूवैज्ञानिक त्याला 'ट्रॅप' म्हणतात. स्वीडिश भाषेत पायरीला असा शब्द आहे.

त्या काळात रत्नागिरीच्या जागी उभं राहून पश्चिमेला पाहिलं असतं, तर समुद्राच्या जागी जमीन दिसली असती. लाव्ह्याखाली भाजून निघालेली, ताणली जाणारी जमीन. साधारण ६.३ कोटी वर्षांपूर्वी ती फाटली. मधे समुद्रतळ तयार होऊ लागला, हाच आजचा अरबी समुद्राचा मोठा भाग. आणि तो तुकडा मागे राहिला.

त्याचं नाव सेशेल्स. आज तो रत्नागिरीपासून सुमारे तीन हजार किलोमीटरवर आहे. इन्स्टाग्रामवर सेशेल्सचे फोटो पाहताना निळ्या पाण्याइतकंच किनाऱ्यावरच्या गुळगुळीत, करड्या-गुलाबी खडकांकडे लक्ष द्या. तो ग्रॅनाइट आहे, सुमारे ७५ कोटी वर्षं जुना. भर महासागरातली बेटं सहसा ज्वालामुखीच्या खडकाची किंवा प्रवाळाची असतात, ग्रॅनाइट हा खंडाचा खडक. तो तिथे आहे, कारण ती बेटं मूळची खंडाची आहेत.

याचा एक जिवंत साक्षीदारही आहे. २००३मध्ये केरळमधल्या सह्याद्रीत एका जांभळट, डुकरासारख्या नाकाच्या, वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली राहणाऱ्या बेडकाची नोंद झाली. त्याचं शास्त्रीय नाव नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस. त्याच्या कुळाबाहेरचे सगळ्यात जवळचे नातेवाईक शोधायला गेलं तर ते भारतात सापडत नाहीत, सेशेल्समध्ये सापडतात. समुद्र पोहून जाणं बेडकाच्या आवाक्यातलं नाही. जमीन तुटली आणि भाऊबंद दोन बाजूंना राहिले.

ज्या उष्ण जागेमुळे दख्खनचा लाव्हा वर आला असं बहुतेक संशोधक मानतात, ती जागा खोल खाली आपल्या जागेवरच राहिली आणि आपली प्लेट तिच्यावरून पुढे निघून गेली. तिच्या खुणा दक्षिणेकडे एका ओळीत आहेत: लक्षद्वीप, मालदीव, छागोस. ओळीच्या टोकाला रियुनियन बेट आहे, रत्नागिरीपासून सुमारे साडेचार हजार किलोमीटरवर. तिथला पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी आजही वरचेवर जागा होतो. त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. सह्याद्रीची ती जुनी भट्टी अजून विझलेली नाही, फक्त आपण तिथून निघून आलो.

आपण किती वेगाने आलो? लाव्हा वाहत होता त्या काळात भारत वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून जास्त वेगाने उत्तरेकडे जात होता, प्लेटच्या हिशेबात हा वेग भन्नाट आहे. साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाशी टक्कर झाली, हिमालय उभा राहू लागला आणि वेग घटला. आज तो वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६मध्ये रत्नागिरीत झाला. तेव्हापासून आजवर रत्नागिरी आठ मीटरच्या आसपास पुढे सरकली आहे, टिळक आळीसकट.

मागे सरकणारी भिंत

जमीन फाटते तेव्हा फाटलेली कड थोडी वर उचलली जाते. पाठीला उतार मिळतो, म्हणून वरचं पाणी फाटलेल्या बाजूकडे न येता उलट दिशेला वाहतं. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही. तरी ती पूर्वेकडे तोंड करते आणि सुमारे चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सह्याद्रीवर पडणाऱ्या थेंबाचं नशीब कड्याच्या अलीकडे पडला की पलीकडे यावर ठरतं, आणि ती रेघ सहा कोटी वर्षांपूर्वीच्या फाटण्याने आखलेली आहे.

समुद्राच्या बाजूच्या नद्या आखूड आणि उताराच्या झाल्या: वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी. त्या पावसाळ्यात जोरात कापतात. कड्याचा पाया कुरतडला जातो, वरचा भाग कोसळतो, भिंत थोडी पूर्वेला सरकते. हे कोट्यवधी वर्षं चाललं. फाटलेली मूळ कड आजच्या किनाऱ्याच्याही पश्चिमेला होती, भिंत मागे सरकत सरकत किनाऱ्यापासून पन्नास-साठ किलोमीटर आत गेली. मधे जी झिजलेली, सखल पट्टी मागे राहिली, तिला आपण कोकण म्हणतो.

एवढं झिजूनही सह्याद्री उंच कसा राहिला? मिरकरवाड्याच्या बंदरात याचं उत्तर रोज दिसतं. बोटीतून मासळीच्या टोपल्या उतरल्या की बोट पाण्यातून वर येते. पृथ्वीचं कवचही खालच्या जड, अतिमंद वाहणाऱ्या थरावर असंच तरंगतं. वरचं ओझं झिजून समुद्रात गेलं की जमीन हळूहळू वर उचलली जाते.

परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण मिळवलं, ही कथा चिपळूणजवळच्या परशुराम मंदिराच्या पायऱ्यांवर आमच्या पिढीने ऐकली. त्या कथेत कोकण ही नवी, नंतर मिळालेली जमीन आहे. भूशास्त्रातही ती नंतर मिळालेलीच आहे. फरक एवढाच, की ती समुद्राने सोडली नाही, सह्याद्रीने सोडली.

या भिंतीचा सगळ्यात मोठा वापर महाराष्ट्राने केला तो कोयनेत. कोयना नदी दक्षिणेला वाहत येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. धरण बांधून तिचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं आणि कड्यावरून पाचशे मीटरच्या आसपास खाली, चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला सोडलं. तिथे वीज होते आणि पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्रात जातं. जो थेंब बंगालच्या उपसागराला जायचा होता, तो दिशा बदलतो आणि त्याच्या जोरावर आपले दिवे लागतात.

पण भिंत मागे सरकते म्हणजे प्रत्यक्षात काय होतं, हेही सांगायला हवं. पुस्तकात तो एक बाण असतो. जमिनीवर तो एखाद्या रात्रीचा आवाज असतो. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याआधी ३० जुलै २०१४ला कड्याच्या वरच्या अंगाला, आंबेगाव तालुक्यात माळीण, दीडशेच्या आसपास माणसं. त्यानंतर १९ जुलै २०२३ला खालापूरची इर्शाळवाडी. तळीयेच्याच दिवशी चिपळूण बुडालं. घाटात पडलेला पाऊस वाशिष्ठीसारख्या आखूड नदीतून काही तासांत शहरात पोचतो, आणि समोर भरती असली तर त्याला बाहेर पडायला वाट नसते. तुटलेल्या काठाखाली राहण्याचा हा भाग आहे. भूशास्त्र हे टाळू शकत नाही. उतार कुठे कापायचा, रस्ता कुठून न्यायचा, वाडी कुठे हलवायची, हे मात्र माणसं ठरवतात आणि त्यात भूशास्त्राला विचारता येतं.

मंडालेचा राजा, शांत काठावर

रत्नागिरीत पाहुणे आले की त्यांना थिबा पॅलेस दाखवायचा, हा नियम आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५मध्ये मंडालेहून पदच्युत केलं आणि १८८६मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. हा राजवाडा १९१०मध्ये पूर्ण झाला आणि १९१६मध्ये थिबा इथेच वारला. त्याच्या निर्वासनाकडे इतिहासाची पुस्तकं राजकारण म्हणून पाहतात. नकाशावर प्लेटच्या रेघा काढून पाहिलं तर अजून एक गोष्ट दिसते.

मंडालेच्या जवळून सगाइंग नावाचा मोठा भूभ्रंश जातो. आपल्या प्लेटची पूर्वेकडची हद्द या भागातून आहे आणि उत्तरेकडे सरकणाऱ्या भारताची ओढ इथली जमीन सोसते. भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींना घासत सरकतात. मधे अडकतात, ताण साठतो, सुटतो. २८ मार्च २०२५ला तो ७.७ रिश्टरच्या भूकंपात सुटला. हजारो माणसं मेली, आणि थिबा ज्या राजवाड्यातून निघाला त्याच्या कोटाच्या भिंतीही ढासळल्या.

रत्नागिरीत असं होत नाही, कारण इथे खंडाचा काठ आहे, प्लेटचा नाही. फाटणं सहा कोटी वर्षांपूर्वी संपलं. भारताची जमीन आणि अरबी समुद्राचा जवळचा तळ आता एकाच प्लेटवर एकत्र प्रवास करतात, प्लेटची खरी पश्चिम हद्द दूर कार्ल्सबर्ग रिजवर आहे. थिबाला जिवंत काठावरून उचलून शांत काठावर आणलं गेलं. इंग्रजांच्या मनात अर्थातच असं काही नव्हतं.

शांत म्हणजे मेलेला मात्र नाही. फाटताना पडलेल्या जुन्या भेगा अजून आत आहेत. उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, राजापूरजवळचं उन्हाळे ही गरम पाण्याची कुंडं नकाशावर जोडली तर किनाऱ्याला साधारण समांतर ओळ दिसते. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. त्यासाठी खाली ज्वालामुखी असावा लागत नाही.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगरला ६.३ रिश्टरचा भूकंप झाला, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. चिपळूणच्या जुन्या माणसांना ती पहाट अजून आठवते. धरणात पाणी साठायला लागल्यापासूनच तिथे छोटे धक्के जाणवत होते. जुन्या भेगांवर आधीच असलेला ताण आणि वरून साठलेल्या पाण्याचा भार व झिरपा, या दोन्हींमुळे हे भूकंप होतात असं मानलं जातं. आज कोयना हे धरणाशी जोडलेल्या भूकंपांचं जगातलं सगळ्यात अभ्यासलं गेलेलं ठिकाण आहे. तिथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आलं आणि कराडमध्ये त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. ज्या भिंतीने वीज दिली, तिच्याच भेगांचा अभ्यास आता आपण करतो आहोत.

जांभ्याचं झाकण

मी ज्या घरात वाढले ते चिऱ्याचं आहे. रत्नागिरीत तीही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही, सगळ्यांचीच घरं चिऱ्याची. चिरा म्हणजे जांभा दगडाची कापलेली वीट. खाणीतून निघताना तो तुलनेने मऊ असतो, हवेत राहिला की कडक होतो. फ्रान्सिस ब्युकॅनन याने केरळमध्ये हा दगड असाच विटांसारखा कापताना पाहिला आणि १८०७मध्ये त्याला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून 'लॅटेराइट' नाव दिलं. ते नाव जगभर गेलं.

जांभा मुळात बहुतेक ठिकाणी बेसाल्टच आहे, गंजलेला. वर सांगितलेली भिंत पश्चिमेकडून येणारे ढग अडवते आणि रत्नागिरीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. मग आठ महिने ऊन. अशा भिजण्या-सुकण्यात लाखो वर्षं गेली की दगडातली सिलिका विरघळून जाते. मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहतं. लोहाचा गंज म्हणजे जांभ्याचा रंग. म्हणून हा दगडही त्या फाटण्याचंच अपत्य आहे: फाटलं म्हणून भिंत, भिंत म्हणून एवढा पाऊस, पाऊस म्हणून जांभा.

रत्नागिरी परिसरात विहिरी खणताना जांभ्याच्या थराखाली काही ठिकाणी निळसर-काळी चिकणमाती आणि कोळशासारखी झालेली लाकडं लागतात. एकोणिसाव्या शतकापासून भूवैज्ञानिकांनी त्याच्या नोंदी केल्या आहेत. त्यातल्या परागकणांवरून आणि लाकडांवरून ती मायोसीन काळातली, म्हणजे साधारण २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीची मानली जातात. त्या जंगलाच्या डोक्यावर जांभा आहे, म्हणजे निदान त्या ठिकाणचा जांभा त्या जंगलानंतरचा आहे. पायाखालचा थर असा वाचता येतो: आधी लाव्हा, मग जंगल, मग चिखल, मग झाकण.

या झाकणाचा वरचा सपाट भाग म्हणजे सडा. उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो, पावसाळ्यात त्याच्यावर फुलांचे गालिचे येतात. आणि त्याच्यावर चित्रं आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गेल्या दशकात सडे पालथे घालून शेकडो कातळशिल्पं उजेडात आणली, आज कोकणातली नोंद दीड हजारांहून अधिक आहे. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, त्याच्या आत इतर प्राण्यांच्या डझनावारी आकृती आहेत. काही ठिकाणी गेंडा आहे, जो आज कोकणात कुठेच नाही. बरीच चित्रं दहा हजार वर्षांहून जुनी असावीत असं अनेक अभ्यासक मानतात. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन थंडीत, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता आणि किनारा पश्चिमेला खूप लांब होता. चित्रं त्या काळाच्या जवळपासची असतील, तर काढणाऱ्यांना इथून समुद्र दिसलाही नसेल. २०२२मध्ये यांतली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यातली सात रत्नागिरी जिल्ह्यातली आहेत: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे.

पोटखराबा

सातबाऱ्यावर सड्याला एक शब्द असतो: पोटखराबा. लागवडीला निरुपयोगी जमीन. महसुलासाठी हा शब्द बरोबर आहे, कातळावर भात होत नाही. पण एकदा कागदावर 'खराब' लिहिलं की सगळ्यांना ते खरंच वाटायला लागतं. मग सुरुंग लावून कातळ फोडायचा, माती भरायची आणि हापूस लावायचा. चिरेखाण काढायची. नाहीतर मोठ्या प्रकल्पासाठी 'रिकामी जागा' म्हणून दाखवायची. बारसूच्या सड्यावर प्रस्तावित रिफायनरीसाठी एप्रिल २०२३मध्ये माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा गावकरी उन्हात तिथे येऊन बसले, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. प्रकल्प हवा की नको यावर माझ्या घरातच दोन मतं आहेत. नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांच्या चार पिढ्या आमच्याही घरात आहेत, आणि 'इथेच काही निघालं तर बरं' असं म्हणणाऱ्याला मी गप्प करू शकत नाही.

माझं म्हणणं फक्त 'रिकामी' या शब्दापुरतं आहे.

तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही आमच्याकडे एप्रिलमध्ये टँकर येतो. कारण याच झाकणात आहे. जांभा सच्छिद्र असतो, पाणी त्यातून झरझर खाली जातं. त्याच्या खाली पांढरट, गुलाबी चिकणमातीचा थर असतो, तिथे ते अडतं आणि आडवं वाहत सड्याच्या कडेला झऱ्यांतून बाहेर पडतं. कोकणातल्या जुन्या वाड्या पाहा, बऱ्याचशा सड्याच्या खाली, उताराच्या अंगाला आहेत, जिथे झरा आहे तिथे. आमच्या वाडीचं देऊळ, पाणवठा आणि बागायत एका ओळीत आहेत आणि ती ओळ म्हणजे जांभा आणि चिकणमातीचा सांधा. हे ज्यांनी ठरवलं त्यांनी भूशास्त्राचं पुस्तक पाहिलं नव्हतं, त्यांनी मे महिन्यात पाणी कुठे टिकतं ते पाहिलं होतं.

वरचं झाकण फोडलं, तासलं किंवा काँक्रीटने बंद केलं, तर वर काही होत नाही. खालच्या वाडीचा झरा मार्चऐवजी जानेवारीत आटतो. आणि वाडीतल्या बाईला हंडा घेऊन किती चालावं लागेल, ते सड्यावर सही करणाऱ्याच्या हिशेबात येत नाही, कारण सडा एका गट नंबरात असतो आणि झरा दुसऱ्या.

सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' असा एक रकाना असतो. त्यात कुळाचं नाव येतं, सोसायटीच्या कर्जाचा बोजा येतो, विहिरीतला हिस्सा येतो, कुणाची वहिवाटीची वाट जात असेल तर तीही येते. रत्नागिरीतल्या कितीतरी सड्यांवर खालच्या वाड्यांचा पाण्याचा हक्क आहे, उतारावरच्या घरांचा सुरक्षिततेचा हक्क आहे आणि काहींवर दहा हजार वर्षांपूर्वी कुणीतरी कोरलेला हत्ती आहे. जमीन मोजायला तलाठी आणि भूकरमापक येतात तेव्हा यातलं काहीच त्या रकान्यात चढत नाही. ते कसं चढवायचं, हे आता ग्रामसभांमध्ये विचारायला हवं.